पुस्तकातलं गरम दूध

“माफी मागायची तर इथेच, सगळ्यांसमोर,” मुख्याध्यापिका मिस हॉलम म्हणाल्या. “शाळेची अब्रू तुम्ही चारचौघांत घालवलीत ना?”

लेखिका ऑड्री क्लेग खाली मान घालून उभी होती. सभागृह माजी विद्यार्थिनींनी भरलं होतं आणि त्यातली प्रत्येक जण संतापलेली होती.

ऑड्री या शाळेत एकच वर्ष राहिली होती. कादंबरीत तिने शाळेचं नाव बदललं होतं, पण बंद घड्याळाचा असा मनोरा सगळ्या यॉर्कशरमध्ये दुसरा नाही. कादंबरीतली मुलगी अंथरूण ओलं करते. वसतिगृहाची मेट्रन तिला ऐन जानेवारीच्या थंडीत चादरींच्या खोलीत कोंडते. मध्यरात्री मेट्रनचं मन द्रवतं. ती कुलूप काढते, मुलीला गरम दूध पाजते आणि सकाळी मुलगी सगळ्यांबरोबर न्याहारीला बसते.

पुस्तक धडाधड खपलं आणि पालक आपल्या मुली काढून घ्यायला लागले. मिस हॉलमना साक्षीदार हवा होता, तो आयता चालून आला. एनिड वॉर्डल, वय अठ्ठ्याहत्तर, ऑड्रीच्या कितीतरी आधी इथे शिकलेली. तिने आपणहून फोन केला होता. “त्या बाईने धादांत खोटं लिहिलंय. मला तिच्या तोंडावर सांगायचंय.”

मिस हॉलम आज स्वतः गाडी घेऊन तिला आणायला स्टेशनवर गेल्या होत्या.

“शाळेत तुम्ही एकट्याच होतात?” वाटेत त्यांनी विचारलं.

“नाही. धाकटी बहीण होती बरोबर. डॉली.”

“अरे वा! मग त्यांनाही आणायचं की!”

“ते जमण्यासारखं नव्हतं,” एनिड म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शाळेत शिरताच तिने चादरींची खोली कुठे आहे ते विचारलं.

“तिथे आता चहाचं सामान असतं. घेणार ना कपभर?”

“तिथला नको.”

आता सभागृहात ऑड्री कशीबशी बोलायला लागली. “मी ऐकलेलं लिहिलं. आमच्या खोलीत मोठ्या मुली कुजबुजायच्या, त्यावरून...”

“ऐकीव!” मिस हॉलम कडाडल्या. “ऐकीव गोष्टींवर शाळा मातीत घालायची?”

सभागृहाने माना डोलावल्या. माना डोलवायला या शाळेत लहानपणीच शिकवतात.

“तुमचं चुकलं, एवढं तरी म्हणा!”

“चुकलं असेल माझं,” ऑड्री पुटपुटली.

मिस हॉलमनी विजयी मुद्रेने एनिडला खूण केली. एनिड काठी टेकत उठली आणि थेट ऑड्रीसमोर जाऊन उभी राहिली.

“किती खोटं लिहावं गं माणसाने! वाचताना अंगाची लाही लाही झाली माझ्या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“आणि म्हणे दूध! आमची मेट्रन आणि गरम दूध!”

सगळ्या खो खो हसल्या. मिस हॉलमही हसल्या.

“त्या बाईला कनवाळू करताना तुला लाज कशी नाही वाटली?”

हसणं एकेक करून थांबलं. “मिसेस वॉर्डल, बसा तुम्ही,” मिस हॉलम घाईघाईने म्हणाल्या.

एनिडने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“चादरी खऱ्या, कुलूप खरं, जानेवारीही खरा. पण मध्यरात्री कुणी आलं नाही. आणि सकाळी आमची डॉली न्याहारीला बसली नाही.”