अकरावा दगड

लॅपटॉपवरची कपार सगळी निळी होती. निळी म्हणजे शाबूत, फुटायला आली की लाल होते, असं नुजहतने बापाला दोनदा समजावून सांगितलं. शब्बीरने दोन्ही वेळा मान हलवली आणि दोन्ही वेळा त्याला काही कळलं नाही.

खरी कपार समोर विहिरीत होती. परवाच्या सुरुंगाने खालचा काळा दगड उडाला आणि वरचा हा एवढा थोरला जबडा काठापासून एक पुरुष खाली तसाच लोंबत राहिला. त्याच्या खाली पडलेला मलबा काढायला देवीलालला उतरायचं होतं. दोन वर्षं ओळीने कपाशीची पऱ्हाटी पाण्यावाचून वाळलेली, मृगाच्या आत पाणी लागलंच पाहिजे, म्हणून विहिरीचे मालक विठ्ठलराव सकाळपासून काठावरून हलले नव्हते. पण 'उतर' म्हणायचं ते शब्बीरनेच. सुरुंग त्याचा, शब्द त्याचा.

सकाळी त्याने कपारीवर हातोडी मारून पाहिली होती. शाबूत दगड टणकन बोलतो, तडकलेला बद्द करतो. हा धड काहीच बोलला नाही. की बोलला आणि आपल्यालाच ऐकू आलं नाही? तीस वर्षं सुरुंग लावून त्याचे कान अर्धे गेले होते, आणि हे त्याने घरी बायकोला, रहमतबीलाही सांगितलं नव्हतं. दगड दगा देतोय की कान, याचा काही केल्या उलगडा होईना.

"शब्बीरभाई, पोरगी नागपूरले चार वर्षं हेच शिकून राह्यली," विठ्ठलराव म्हणाले. "मशीन म्हनते टिकते, तं टिकते. आता कायले उशीर?"

खरंच, कायले उशीर? पोरीचं मशीन आपल्यापेक्षा चांगलं ऐकत असेल. शब्बीरला एकदम हलकं वाटलं. त्याने पाळणा खाली-वर करणाऱ्या यारीवाल्याला हात केला. देवीलाल कमरेला दोर बांधून पाळण्यात बसला.

"ताकद पाहाले मी देल्लेला दगड कॉलेजात दाबून फोडला, तवा आवाज कसा आला वं?" शब्बीरने कौतुकाने विचारलं.

"लई मोठा, अब्बा. सगळे दचकले. सर म्हनाले, एवढा पक्का दगड भेटला कुठं?"

"भेटला नाई, निवडला. याच थराचे दहा वाजवून टाकून देल्ले, अकरावा तुले देल्ला. कॉलेजात जाणार होता ना."

नुजहतची बोटं थांबली. "दहा टाकले? काहून?"

"बद्द वाजले म्हनून."

"अब्बा, मी त्या एकट्याच्या ताकदीवरून ही अख्खी कपार बनवली."

त्याला ते पुरतं समजलं नाही. पण पोरीच्या तोंडचा रंग उडालेला दिसला आणि तेवढं त्याला पुरलं.

"थांबव! वर घे त्याले, वर घे!"

पाळणा काठाखाली हातभर गेला होता. तो वर आला तसे विठ्ठलराव तडकले. "आता काय झालं? मशीन खरी का तुम्ही खरे?"

"मले काय मालूम," शब्बीर म्हणाला.

त्याने बादलीभर पाणी वरून कपारीवर ओतलं. ही त्याच्या बापाची रीत; भेगेत मुरलेलं पाणी लवकर वाळत नाही. कान धड होते तोवर त्याला तिची गरज पडली नव्हती. मे महिन्याच्या उन्हात दगड बघता बघता वाळला. कपारीच्या मुळाशी एक रेघ तेवढी ओली राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवीलालने ती पाहिली आणि कमरेचा दोर सोडला.

लॅपटॉपवर कपार अजून निळीच होती.

"अब्बा," नुजहत म्हणाली, "ते टाकलेले दहा मले शोधून द्या. तेच नेतो मी आता कॉलेजात."

रेघ शब्बीरला समजली होती, माणूस वाचला हेही समजलं होतं. हे मात्र काही केल्या डोक्यात शिरेना.

"खराबवाले?" तो म्हणाला. "सर काय म्हनतीन? बापाले एक चांगला दगड नाई भेटला?"