नाव न घेता

न्यागोंडवे आजीच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी चर्चच्या पाळकांनी आजीला मंडळीची समुपदेशक नेमलं. पहिलाच आला तो मेस्याक, त्यांच्या सरोवरकाठच्या गावातला एकुलता एक होड्या कोरणारा.

“आजी, एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्यात. बायकोला सांगायचा धीर होत नाही. तुमच्यापाशीच राहू द्या.”

“मी काय चर्चची घंटा आहे का रे, गावभर वाजायला?”

बुधवारी बायकांच्या प्रार्थनेत आजीचं मन भरून आलं. डोळे मिटून ती म्हणाली, “प्रभू, नाव घेत नाही, पण होड्या कोरणाऱ्या आमच्या भावाला त्या रोजच्या गोळ्या गिळायचं बळ दे.” सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. तिने डोळे उघडले, तर सगळ्या जणी मेस्याकच्या बायकोकडे बघत होत्या.

गोळ्यांच्या रांगेत लोक बघतील म्हणून मेस्याक दवाखान्यात जाईनासा झाला. आजी त्याच्या दारात गुडघे टेकून बसली. “चुकले रे बाबा. तुझ्या गोळ्या मी आणून देते.”

“नको, आजी,” तो हसला. “तुम्ही आणल्यात तर जिल्ह्याला कळेल.”

पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आदल्या शनिवारी, मेस्याक वारला.