आजोबांचा चेहरा

मोठ्या माणसाचा चेहरा दाखवल्याशिवाय फोनवर गेम उघडूच नये, असा पक्का बंदोबस्त योंगफूने गावाकडे आजोबांपाशी राहणाऱ्या लेकीसाठी, शिनयीसाठी, करून ठेवला होता. तरी ती रोज खेळतेच आहे, हे दूर डोंगगुआन शहरातल्या कारखान्यात बसून कळल्यावर त्याने चिडून वडिलांना फोन लावला.

“बाबा, ती तुमचा चेहरा दाखवून गेम उघडते! तुम्हाला कळत कसं नाही?”

“त्यात कळायचंय काय? येते, शेजारी बसते. ‘आजोबा, इकडे बघा, डोळे मिटा, आता तोंड उघडा,’ म्हणते. मी चिलीम बाजूला ठेवतो आणि उघडतो.”

योंगफूने कपाळावर हात मारला. त्याच दिवशी त्याने आजोबांचा चेहरा काढून तिथे स्वतःचा लावला.

पुढच्या रविवारी वडिलांनी आपणहून फोन केला. योंगफूने ऐटीत विचारलं, “काय बाबा, बसलं ना कुलूप?”

“बसलं.”

“मग?”



“मग काढ ते. तेव्हापासून पोरगी माझ्या खोलीत फिरकलेली नाही.”