भुंग्याचा दम

लांडगा दिसला आणि भुंग्या सुटला.

"बघा वहिनी, बघा की!" शिवू खिशातला मोबाइल काढून व्हिडिओ घेऊ लागला. काढलेल्या ज्वारीच्या धसकटांतून काळंभोर कुत्रं पोट जमिनीला लावून पळत होतं. पुढं करडा लांडगा. शिवूची छाती फुगली. मंद्रूपच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, जिथं म्हणून चार माणसं ऐकायला होती तिथं त्यानं सांगून ठेवलं होतं, आमच्या भुंग्यापुढं लांडगा टिकायचा न्हाय. आज भुंग्याचा पहिलाच लांडगा होता आणि शब्द खरा होत होता.

दोन वर्षांमागं याच दिवसांत त्यांची तीन कोकरं गेली होती. जुना कुत्रा लांडग्यामागं पार ओढ्यापलीकडं पळाला, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, आणि संध्याकाळी बघतात तर कोकरं कमी. चोरीच झाली म्हणून शिवूनं अख्ख्या शिवाराला चार दिवस शिव्या घातल्या. त्याची वहिनी महानंदा तेवढी गप्प होती. मेंढ्यांमागं तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. पुढच्याच महिन्यात ती माहेराहून हे पिल्लू घेऊन आली.

"ह्यो कामाचा न्हाय निघाला तर मी शर्यतीचं कुत्रं आणणार," शिवूनं तेव्हाच बजावलं होतं. "आन ह्याला धाडणार द्राक्षाच्या बागंत, भुंकायला." महानंदेनं ते बोलणं मनाशी गाठ बांधून ठेवलं.

पिल्लू सहा महिन्यांचं झालं तेव्हा शिवू त्याला मोटरसायकलमागं बांधून पळवायला निघाला. शर्यतीवाले तसंच करतात. महानंदेनं त्याच्या हातातली दोरीच काढून घेतली. "कोवळी हाडं हायती, भाऊजी. वरीस भरू द्या." तिनं भुंग्याला आधी नुसतं चालवलं. पहिल्यांदा एका रानापर्यंत, मग दोन, मग दिवसभर कळपाबरोबर. उन्हाळ्यात कालव्यात पोहायला घातलं. सीना नदीच्या वाळूत हिंडवलं. एक दिवस घाम काढला की दुसऱ्या दिवशी सावलीत झोपू द्यायची. रोज संध्याकाळी बोटांनी बरगड्या चाचपायची, पंजे उलटून बघायची. शेजारच्या बायका तिला हसल्या, तिनं खुशाल हसू दिलं.

वर्ष भरल्यावर पळणं सुरू झालं, तेही जगावेगळं. भुंग्या बांधाजवळ पोचला की ती शीळ घालायची आणि तो माघारी वळायचा. जाताना पळाला त्याहून जोरात परत आला, तरच ताकात कुस्करलेली भाकरी.

"अर्ध्यातनं माघारी बोलावून कुटं दम वाढतो व्हय?" शिवू विचारायचा.

सांगून पटेल तो शिवू कसला! ती शीळ घालत राहिली. बाकी भुंग्या अंगानं असा भरत गेला की पुढं पुढं शिवूच त्याला 'माझा भुंग्या' म्हणू लागला.

आता तो त्याचा भुंग्या बांधापाशी पोचला होता. लांडगा पन्नास पावलांवर. अजून एक झेप, अजून दोन. शिवूनं श्वास रोखून धरला.

आणि भुंग्या थांबला.

कुणी शीळ घातली नव्हती. त्यानं एकदा लांडग्याकडं बघितलं, एकदा मागं बघितलं आणि शेपूट वळवून सरळ माघारी सुटला. लांडगासुद्धा पलीकडं थबकून त्याच्याकडं बघत राहिला.

शिवूचा चेहरा खर्रकन उतरला. आता बाजारात तोंड कुठं दाखवायचं? "पळपुट्या!" तो ओरडला. "आईचं दूध पिलास का न्हाय?" त्यानं मारायला ढेकूळ उचललं. महानंदेनं त्याचं मनगट धरलं. ती शिवूकडं बघतच नव्हती.

भुंग्या दोघांच्या अंगावरून वाऱ्यासारखा गेला. थांबला नाही. कडब्याच्या गंजीमागं जाळीत कोकरं कोंडली होती, तिकडं वळला. तिकडून एकच बें ऐकू आलं, मग गुरगुर, मग धपकन काहीतरी पडल्याचा आवाज.

दोघं धावत पोचले. जाळी एका बाजूला फाटली होती. भुंग्यानं छातीच्या धडकेनं एक लांडगा लोळवला होता. लांडगा उठला, दात विचकले, आणि समोरचं कुत्रं अजून दमलेलं नाही हे बघून ओढ्याकडं पळाला. भुंग्या दहा पावलं त्याच्या मागं गेला आणि परत येऊन फाटलेल्या जाळीच्या तोंडाशी उभा राहिला. बांधापर्यंत जाणं, येणं, वर ही झुंज, तरी गडी ताठ. महानंदेनं त्याच्या छातीला हात लावला. ठोके बघता बघता शांत होत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अभिमानानं मान वर झाली, दोन्ही एकदमच.

शिवूनं कोकरं मोजली. पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं. हातातलं ढेकूळ त्यानं हळूच खाली सोडलं.

"वहिनी, ह्यो दुसरा लांडगा कवा आला?"

"ह्योच पयला, भाऊजी. मगाचा त्यो नुसता कुत्र्याला लांब न्यायला आला व्हता, दोन वर्सांमागं आला तसाच."