कानाने निवडलेला हीटर

“यंत्र घेताना डोळे मीट आणि कान उघड. रंगाला भुललीस तर घरी डोकेदुखी आणशील.”

चाळीस वर्षं पंख्यांच्या नि पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवलेल्या नवऱ्याचं हे सांगणं. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते, आणि ती हीटरच्या दुकानात मधोमध डोळे मिटून उभी होती.

“मावशी, बरं वाटत नाहीये का?” विक्रेत्याने लगबगीने स्टूल पुढे केलं.

“तिला काही झालेलं नाही,” लेक म्हणाली. “आमच्याकडे वस्तू अशीच घेतात. तुम्ही एकेक लावून दाखवा.”

“हीटर हाताने बघायचा असतो, मावशी. कानाने रेडिओ बघतात.”

ती हसली, पण डोळे उघडले नाहीत.

लेकीनेच तिला ओढत आणलं होतं. गेल्या आठवड्यात ती न कळवता आली, तर आई पुढच्या खोलीत अंगात दोन स्वेटर घालून रिकाम्या कॉटसमोर बसलेली. बोटांची टोकं निळी पडलेली. “स्वयंपाकघरात जरा ऊब आहे, तिकडे का नाही बसत?” तर म्हणाली, “तिकडून इथलं ऐकू येत नाही.” इथलं म्हणजे काय, हे विचारायचा लेकीला धीर झाला नव्हता.

विक्रेत्याने लाल कांड्यांचा हीटर लावला. त्याला आवाजच नव्हता. तिने मान हलवली. मग तेलाचा लावला.

“हा सगळ्यात बेस्ट. हवा कोरडी करत नाही, काही नाही. घरात आहे हेसुद्धा कळायचं नाही.”

“नको,” ती म्हणाली. “कळायला हवं.”

खालच्या फळीवर पंख्याचा एक हीटर धूळ खात पडला होता. विक्रेता तो दाखवायला राजी नव्हता. “ऊब चांगली देतो हो, पण कुरकुरतो फार. दोन गिऱ्हाइकांनी परत केलाय.” तरी त्याने पिन खोचली.

आधी संथ घरघर झाली. हीटर मान वळवत एका टोकाला गेला, क्षणभर अडला आणि फुस्स करून परत फिरला. पुन्हा घरघर. पुन्हा अडणं. फुस्स.

“हा,” ती म्हणाली.

“आई, अगं त्याच्या मोटारीचा बुश घासलाय! मलासुद्धा कळतंय. बाबांनी तर पायरीवरूनच परत पाठवला...” लेकीचं बोलणं तिथेच तुटलं. तिने काउंटरची कड धरली. आठ महिने पुढच्या खोलीत बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. घरघर, अडणं, फुस्स. “आई, हा नको. पाया पडते तुझ्या.”

“ऊब चांगली देतो म्हणतायत ना.”

“ऊब!”

विक्रेता एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग मुकाट्याने खोकं शोधायला आत गेला.

बाहेर फुटपाथवर खोकं दोघींच्या मध्ये ठेवून त्या वाहन शोधत उभ्या राहिल्या. वारा कानाला झोंबत होता. आई रस्त्याकडे बघतच बोलली.

“डॉक्टर तपासून गेले. म्हणाले, संपलं. मशीन मात्र चालूच होतं. तू वाटेत होतीस. मग मीच बटण बंद केलं. आणि इतकं शांत झालं, की वाटलं, घाई केली मी. एका शब्दाने विचारलं नाही त्यांना. सांगितलंसुद्धा नाही. उठले नि बंद केलं.”

“आई, बाबा गेले होते गं तेव्हा.”

“डोक्याला माहीत आहे ते. हाताला नाही.”

वाहन आलं तेव्हा लेकीने खोकं आईला धरू दिलं नाही, स्वतःच उचलून मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर तिने पडदा गुंडाळून वर खोचला, हीटर कॉटपासून चार हात लांब ठेवला, वायर पायात येणार नाही अशी भिंतीकडेने नेली. निघताना चपला घालून पुन्हा आत आली.

“शब्द दे मला. संध्याकाळी पाच वाजले की बंद करायचा. तो सलग चालवायचा नाही, आणि रोज निजायच्या आधी तर नक्की बंद. तुझ्या हाताने. मी फोन करून आठवण करून देणार नाही.”

“दिला,” आई म्हणाली.

लेक गेली. खोली हळूहळू तापली. आधी पावलांना कळलं, मग गुडघ्यांना. तिने एक स्वेटर काढून ठेवला. हीटरची मान कॉटकडे वळली की चादरीची लोंबती कड उचलली जायची आणि मान फिरली की खाली बसायची. उचलली जायची. खाली बसायची. ती त्या कडेकडे बघत राहिली.

घड्याळात पाच वाजले. खिडकीतलं ऊन केव्हाच गेलं होतं. तिचे हात मांडीवरून हलेनात.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “पाच वाजले. बंद करतेय हं मी.”

एखाद्याला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ ती थांबली. हीटर टोकाला जाऊन अडला, फुस्स करून परत फिरला.

मग ती उठली, आणि झोपलेल्या माणसाची झोपमोड होऊ नये तशी पावलं टाकत बटणाकडे निघाली.