परकीय हात

"तू एवढंच म्हणायचंस, की रस्ता अडवायची अक्कल माझी," शेयशेन म्हणाला. "सही केलीस की झालं."

नेवझातनं त्याच्यापुढे चहा ठेवला. पेला अर्धाच. काठोकाठ भरला तर 'प्या आणि चालू लागा' असा अर्थ होतो. तीस वर्षांत एवढं तो शिकला होता.

मशिदीची भिंत बांधायला तुर्कस्तानातून आलेला हा गवंडी आक-जार गावातच राहिला, तो शेयशेनच्या बहिणीपायी, सुसारपायी. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. गाव अजूनही त्याला जावईच म्हणे. जावयाचा मान म्हणजे ताटात मेंढीचा चांगला तुकडा, पण गावच्या कारभारात तोंड उघडायचं नाही.

बैठकीत तो काही बोलायला गेला की कोणीतरी म्हणे, "जावईबुवा, सासुरवाडीच्या भांडणात पडू नये." मागे कुरणाच्या वाटपावर मतं घेताना त्याचा हात वर गेला, तेव्हा तर हसून हसून म्हाताऱ्यांच्या टोप्या पडल्या. "अरे, तुझा हात मोजत नाहीत!" नेवझातही हसला आणि हात खाली घेतला. तेव्हापासून बैठकीत तो चहाच देई.

त्याआधी वसंतात त्यानं मेंढा कापून गावजेवण घातलं होतं. कशाबद्दल, ते सांगायला उभाही राहिला होता. पण तेवढ्यात कोणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल काढली. इथं 'नाही'ला 'जोक' म्हणतात, तुर्क म्हणतात 'योक', आणि याच्या जिभेला तो 'ज' काही सापडला नव्हता. हशा संपेपर्यंत तो खाली बसला. सुसारच्या नावानं असेल, असं धरून गाव पोटभर जेवलं.

आता मात्र गावाला त्याचंच तोंड हवं होतं. खाणीचं घाण पाणी नदीत उतरलं, मेंढ्या मेल्या, म्हणून गावानं खाणीच्या रस्त्यावर दगड रचले. पोलिसांनी पाच जणांना उचललं. त्यांत शेयशेनचा एकुलता एक मुलगा कुबात होता, आणि कुबातच्या बायकोचे दिवस भरत आले होते. जिल्ह्याचे साहेब शेयशेनला म्हणाले, "यात परकीय हात आहे, अशी वरच्यांची खात्री आहे. तो हात सापडला, तर बाकीचं धड आम्हाला कशाला हवंय?"

म्हाताऱ्याला तेवढं पुरलं. गावभर शोधायची गरज नव्हती, परका असा एकच होता.

"तुला काय करणारेत ते?" शेयशेन म्हणाला. "विमानात बसवतील. फुकटात आपल्या घरी जाशील."

"तिकडे कोण आहे माझं, दादा?"

खरंच कोणी नव्हतं.

"आणि सुसार?" नेवझातनं विचारलं.

"तिची कबर मी बघेन. भाकरीवर हात ठेवून सांगतो."

"तिच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी ठेवली होती."

"ठाऊक आहे रे."

नेवझातनं चहाची किटली पुढे ओढली. मग म्हणाला, "परक्याला विमानात बसवतात. आणि आपल्यातल्याला?"

"आपल्यातल्याला? दहा वर्षं घासतील तुरुंगात. कुबातचं पोर बापाला ओळखायचं नाही. म्हणून तर आलोय तुझ्या दारात, लाज सोडून. तू नाही म्हणालास तरी माझा राग नाही."

"नाही म्हणता कुठं येतं मला?" नेवझात म्हणाला, आणि त्यानं पेला पुन्हा अर्धा भरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. संध्याकाळी पाचही जण घरी आले. बायका रडल्या, पोरं नाचली, घरोघरी कढया चढल्या. पुढच्या आठवड्यात कुबातला मुलगी झाली.

फक्त जिल्ह्याचे साहेब शेयशेनला भेटेनासे झाले. आज बैठक, उद्या दौरा. विमान कुठल्या तारखेचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. "गरज सरो नि वैद्य मरो," म्हातारा दारातल्या शिपायाला म्हणाला आणि परत आला.

खटल्याच्या निकालाला तो पिशवी भरून घेऊन गेला. लोकरीचे मोजे, सुकवलेले जर्दाळू, वाटेत खायला भाकरी. त्याला लाज वाटत होती. आणि त्या लाजेतही पोरगा घरी असल्याचं सुख होतंच. तेच त्याला जास्त बोचत होतं.

नेवझात पिंजऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, अंगानं उतरलेला. शेयशेनला बघून त्याचा चेहरा फुलला.

"काय झालं?" त्यानं तिथूनच विचारलं.

"मुलगी. रात्रभर रडते, कुबातनं उचललं की गप्प."

नेवझातनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

न्यायाधीश बाई भराभर वाचत होत्या. वाचून संपलं तेव्हा शेयशेनला वाटलं, आपल्याच कानांची चूक. शेजारच्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "नऊ वर्षं. सक्तमजुरी."

म्हातारा उठला. गुडघ्यावरची पिशवी पडली, जर्दाळू बाकाखाली घरंगळले.

"बाई, चुकलंय काहीतरी! याला देशाबाहेर काढायचंय! परका आहे तो! सगळ्या गावाला विचारा हवं तर, परका आहे!"

पिंजऱ्यात नेवझात खाली बघत होता.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "खाली बसा, आजोबा. आरोपीला आपलं नागरिकत्व मिळून वर्ष होत आलं. आपल्या माणसाला आपण देशाबाहेर काढत नसतो."