घोट्याखाली

बहात्तरच्या दुष्काळात लिंबागणेशजवळ पाझर तलाव खोदताना भामाबाईच्या कुदळीखाली माणसाचा सांगाडा लागला. त्याला घोट्याखाली पायच नव्हते.

औरंगाबादहून प्राध्यापक चौबळ आले. सोसायटीच्या रिकाम्या गोदामात ते हाडांवरची माती ब्रशनं झाडत बसत. भामाबाई त्यांच्या हाताखाली काम करी.

"तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले. "मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून पाय तोडून पुरत असत."

"मंग गेला का त्यो?"

चौबळ हसले. "इथंच आहे की, बाई."

भामाबाईची दोन पोरं जगायला मुंबईला गेली, ती परत आलीच नाहीत. आता धाकटा मुलगा कारभारीही सकाळच्या एसटीनं निघणार होता.

संध्याकाळी चौबळांनी नडगीचं हाड उजेडात धरलं. तोडल्या जागेची कड गुळगुळीत होती. तिच्यावर नवं हाड चढलं होतं.

"जिवंतपणीच तोडलेत," ते पुटपुटले. "आणि त्यानंतर हा कितीतरी वर्षं जगलाय."

भामाबाईनं ते हाड हातात घेतलं, कुरवाळलं आणि अलगद परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा आली. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण तिचं लुगडं नुकतंच धुतल्यासारखं ओलं होतं.

"गेला का कारभारी?" चौबळांनी विचारलं.

"न्हाई. घरीच हाय," ती समाधानानं म्हणाली. मग सांगाड्याजवळ बसत तिनं हळूच विचारलं, "साहेब, हाड भरून यायला किती दिस लागत्यात?"